पाण्याच्या दिवसाचा आदला दिवस: साठवणीच्या पाण्यातून येणारा डेंग्यू आणि जुलाब कसा अडवायचा

पावसाळा सुरू झाला की टॉर्च घेऊन मी आमच्या बोळातल्या घरांचं पाणी बघत फिरते. दारातच ऐकू येतं, "ताई, आम्ही दर आठवड्याला धुतो की." आणि ते खरं असतं. बॅरल धुतलेला असतो, अंगण झाडलेलं असतं. तरीही टॉर्च मारला की पाण्यात अळ्या वळवळताना दिसतात. बाई ओशाळते. ओशाळायचं कारण नाही. कष्ट तिने केलेलेच असतात, कामांचा क्रम तेवढा चुकलेला असतो.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी उजनीचं असो, टाकळीचं असो की हिप्परग्याचं, चार-पाच दिवस पुरेल एवढं भरून ठेवल्याशिवाय घर चालत नाही. "पाणी साठवू नका" हा सल्ला आपल्याला लागू पडत नाही. साठवायचं तर आहेच, मग ते कुठल्या क्रमाने साठवायचं हे इथे सांगते. कामं ज्या दिवशी करायची त्याच क्रमाने खाली लिहिली आहेत.

सुरू करण्याआधी: वाटा दोन, उपाय वेगवेगळे

साठवणीच्या पाण्यातून आजार दोन वाटांनी येतो. पहिली वाट डासाची. पायावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि डेंग्यू, चिकुनगुन्या पसरवतो. दुसरी वाट तोंडाची. पाइपमधून किंवा हातामार्फत पाण्यात घाण जाते आणि गॅस्ट्रो, कॉलरा, टायफॉइड, कावीळ होते.

बहुतेक घरं एका वाटेचा उपाय दुसऱ्या वाटेला लावतात. पिण्याच्या पाण्यात चालतं तेवढ्या क्लोरीनने जंतू मरतात, डासाच्या अळ्या मरत नाहीत. अबेट औषधाने अळ्या मरतात, जंतू मरत नाहीत. झाकणाने डास अडतो, नळातून आलेली घाण अडत नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, पण त्यातून ना जंतू जातात ना अळ्या. तुरटी फिरवून पाणी निवळशंख दिसलं की ते निर्धोक झालं, असं समजणारी घरं अजूनही खूप आहेत. तेवढी एक समजूत आधी मनातून काढा.

टप्पा १: घरातल्या पाण्याची मोजदाद (एकदाच, अर्धा तास)

कागद घ्या आणि घरात, गच्चीवर, मागच्या दारी पाणी साचतं त्या प्रत्येक जागेचं नाव लिहा. बॅरल, टिपाड, रांजण, हौद, सिंटेक्स, माठ, न्हाणीघरातली टाकी हे सगळ्यांना आठवतं. बाकीचं आठवत नाही: फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, मनीप्लांटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं परळ, कुंडीखालची थाळी, गच्चीवर टाकलेला टायर, पालथं न घातलेलं डबडं, नळाच्या मीटरचा खड्डा. विडीचं काम होत असेल तर पानं भिजवायचं घमेलं. घरातच माग असेल तर त्याच्या आसपासची पाण्याची भांडी.

आता यादीचे तीन गट पाडा. पहिल्यात आठवड्यात पूर्ण रिकामी करता येतील अशी भांडी. दुसऱ्यात कधीच रिकामे न होणारे मोठे हौद आणि जमिनीतल्या टाक्या. तिसऱ्यात किरकोळ जागा. प्रत्येक गटाची रीत वेगळी आहे. सरसकट एकच रीत लावायला गेलं की माणूस दोन आठवड्यांत कंटाळतो.

सामान एवढंच: ताठ दातांचा ब्रश किंवा काथ्या, टॉर्च, एक पांढरी वाटी, जुन्या धोतराची किंवा सुती साडीची दोन-तीन फडकी, नाडी आणि खडू.

तपासणी: अळ्या बघायची रीत शिकून घ्या. टॉर्चचा उजेड किंवा तुमची सावली पडली की अळ्या झटकन तळाला जातात. झाकण उघडून क्षणभर बघितलं आणि "काही नाही" म्हटलं तर फसायला होतं. उजेड स्थिर धरा आणि मिनिटभर थांबा. श्वास घ्यायला त्या वर येतातच. शंका वाटली तर पांढऱ्या वाटीत थोडं पाणी घेऊन बघा. लांबट, वळवळणारी ती अळी. स्वल्पविरामासारखा वाकडा, डोकं मोठं असलेला तो कोष. कोष दिसला तर तुमच्या हातात दोनच दिवस उरलेत, त्यानंतर तो डास होऊन उडतो.

टप्पा २: पाण्याच्या आदल्या दिवशी रिकामं करणं आणि घासणं

पुढचं सगळं या टप्प्यावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. पाणी तर चार-पाच दिवसांनी येतं. म्हणजे दर खेपेला भांडं पूर्ण रिकामं झालं तर त्यात डास तयार व्हायला वेळच मिळायला नको. तरी डास होतात, कारण भांडं रिकामं होतच नाही. बॅरलमध्ये वीतभर पाणी उरलेलं असतं, नळ येतो आणि आपण त्याच्यावरच नवं पाणी सोडतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. वरचं पाणी दर पाच दिवसांनी बदलतं, तळातलं महिनोन् महिने तसंच राहतं. अळ्यांना राहायला तळ पुरतो.

यावर उपाय म्हणजे पाळी लावणं. बॅरलवर खडूने १, २, ३ असे आकडे घाला. आधी १ नंबर पूर्ण संपवायचा, मग २ नंबरला हात लावायचा. घरातल्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, हे सांगा. सगळी भांडी अर्धी-अर्धी वापरली की पाण्याच्या दिवशी एकही रिकामं नसतं. पाळीने वापरलं की निदान दोन भांडी कोरडी मिळतात. तळातलं उरलंसुरलं पाणी फेकायचं नाही. आपल्या गावात पाणी फेकवत नाही आणि फेकूही नये. फडक्यातून गाळून ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. फडकं कडक उन्हात टाका, अळ्या वाळून मरतात. अळ्यांचं पाणी गटारात ओतायची सवय सोडा. पाण्यात पडल्या तर त्या जगू शकतात, तापलेल्या कोरड्या मातीवर जगत नाहीत.

आता घासणं. एडिस डास अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती चिकटवतो. काळी, तिळाहूनही बारीक, डोळ्यांना सहसा न दिसणारी ती अंडी पाणी आटलं तरी मरत नाहीत. कोरड्या भांड्यात कित्येक महिने तशीच राहतात आणि पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून खळबळून काढलेला बॅरल डासाच्या दृष्टीने धुतलेलाच नसतो. "आम्ही धुतो की" म्हणणाऱ्या घरात अळ्या निघतात त्या यामुळेच.

घासायचा क्रम असा ठेवा:

१. भांडं आडवं करा आणि पाण्याची रेघ उमटलेली असते तिथून सुरुवात करा. रेघेच्या वर आणि खाली वीतभर पट्टा ब्रशने जोर लावून घासा. पावडर लावली तर उत्तमच, पण खरं काम ब्रशच करतो, पावडर नाही.

२. मग कड, काठाची आतली वळलेली बाजू आणि झाकणाची आतली बाजू. प्लास्टिकच्या बॅरलचा काठ आतून दुमडलेला असतो, तिथे बोट घालून फडक्याने पुसा.

३. तळ शेवटी. सगळे आधी तळच घासतात, कारण घाण तिथे दिसते.

४. धुतलेलं पाणी मातीवर, उन्हात ओता. त्यात सुटलेली अंडी असतात.

५. भांडं पालथं घालून उन्हात वाळवा. नळ पहाटे येणार असेल तर हे काम आदल्या दुपारीच उरकायला हवं.

सावधान: सिमेंटच्या हौदाची आतली बाजू खडबडीत असते. तिथे नुसत्या फडक्याने भागत नाही, तारेचा ब्रश लागतो.

पाण्याच्या दिवशी सकाळी घासत बसू असं ठरवलं की ते होत नाही. नळ सुटल्यावर घरात जी धावपळ उडते त्यात कोणी बॅरल आडवा करत नाही. म्हणूनच हे काम आदल्या दिवसाचं.

टप्पा ३: नळ सुटल्यावरची पहिली दहा मिनिटं

दोन पाण्यांच्या मधले चार दिवस रस्त्याखालचा पाइप रिकामा असतो. आत दाब नसतो. पाइपला कुठे चीर असेल, सांधा सैल असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर ते पाणी आत झिरपतं. नळ सुटला की पहिल्या धारेबरोबर तेच घरात येतं.

म्हणून पहिल्या बादल्या पिण्याच्या भांड्यात कधीच भरू नका. गढूळपणा आणि वास जाईपर्यंतचं पाणी वेगळ्या बादलीत धरून संडास, न्हाणीला वापरा. पाणी स्वच्छ झालं की आधी पिण्याचं भरा, मग सांडायचं, म्हणजे धुण्या-आंघोळीला वापरायचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. नळ कधी जाईल या धास्तीने पहिल्या धारेला हंडा लागतो.

सावधान: नळाला थेट मोटार जोडू नका. मोटार पाइपमधलं पाणी ओढते, पाणी कमी पडलं की चिरेतून गटाराचंही ओढते. एका घराने मोटार लावली की पुढच्या घराला धार बारीक येते, मग तेही मोटार लावतं. अशाने बोळातला सगळा पाइप बाहेरची घाण आत ओढायला लागतो. वर चढवायचंच असेल तर आधी नळाचं पाणी आपल्या धारेने जमिनीवरच्या टाकीत पडू द्या, मोटार त्या टाकीतून लावा.

तपासणी: मुख्य पाइपपासून घरापर्यंत आपल्या नळाची लाइन पायी चालत बघा. ती गटारातून किंवा चेंबरला खेटून गेलेली दिसली तर प्लंबरला सांगून वर उचलून घ्या. जुन्या पेठांतल्या अरुंद बोळांत अशा लाइन हमखास सापडतात. भरताना नळी जमिनीवर लोळू देऊ नका आणि काम झाल्यावर खुंटीला टांगा.

टप्पा ४: झाकण म्हणजे फट नसलेलं झाकण

झाकलेल्या बॅरलमध्येही अळ्या सापडतात, तेव्हा लोकांना नवल वाटतं. कारण सहसा तीनपैकी एक असतं. झाकणाला नळीसाठी पाडलेलं भोक उघडं राहिलेलं असतं. झाकण फुटून एका बाजूने उचललेलं असतं. किंवा दिवसभर बॅरल उघडा आणि झाकण फक्त रात्री लावलं जातं. शेवटची चूक फार मोठी. हा डास सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी जास्त फिरतो, रात्री झाकण लावून त्याला अडवता येत नाही.

चांगलं झाकण नसेल तर दुहेरी सुती कापड ताणून वरून नाडीने घट्ट बांधा. ताणून हा शब्द महत्त्वाचा. कापड पाण्यात लोंबलं की ओलं होतं आणि अंडी घालायला ओली जागा मिळते. बॅरलवर प्लास्टिकचा कागद टाकत असाल तर पावसाचं पाणी त्याच्या खोलगट भागात साचतं, ते रोज झटका. गच्चीवरच्या सिंटेक्सचं झाकण वाऱ्याने उडालेलं नाही ना हे महिन्यातून एकदा वर चढून बघा. तिच्या ओव्हरफ्लोच्या नळीला आणि संडासाच्या हवेच्या पाइपला नायलॉनची जाळी बांधा.

टप्पा ५: पिण्याचं पाणी

पिण्याचं पाणी सांडायच्या पाण्यातून रोजच्या रोज काढू नका, पहिल्या दिवशीच वेगळं भरा. अरुंद तोंडाचं भांडं घ्या. माठ किंवा स्टीलच्या टाकीला तोटी बसवून घेतली तर फारच उत्तम. नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते भांड्याबाहेर खुंटीला लावा. पेल्यासकट हात बुडवणं ही घरात जुलाब पसरायची सर्वांत साधी वाट आहे.

उकळायचं असेल तर खळखळ बुडबुडे आल्यावर एक मिनिट पुरतं. वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून निवू द्या, दुसऱ्या न धुतलेल्या भांड्यात ओतलं की केलेलं वाया जातं. क्लोरीनचे थेंब किंवा गोळी वापरायची तर बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिलेलं प्रमाण घ्या आणि प्यायच्या आधी अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा किंवा तुरटीने निवळा, नंतरच क्लोरीन टाका. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

मोठ्या टाकीसाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, १००० लिटरला ५ ग्रॅम. पावडर कोरडी टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला नाही तर ती पावडर शिळी झाली, फेकून द्या. एका बॅरलला लागेल एवढी पावडर घरी नीट मोजता येत नाही, तिथे थेंब किंवा गोळीच बरी.

क्लोरीन साठवलेल्या पाण्यात टिकून राहत नाही, हळूहळू उडून जातं. म्हणून नळाचं पाणी शुद्ध असलं तरी चौथ्या दिवशी त्यात हात गेला तर ते सांभाळायला आत काही उरलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं पाणी लहान मुलांना उकळूनच द्या. जारचं थंडगार पाणीही आपोआप शुद्ध ठरत नाही. थंडपणाने जंतू मरत नाहीत.

टप्पा ६: जे रिकामं होत नाही त्याचं काय करायचं

मोठे हौद, जमिनीतल्या टाक्या, कारखान्यातले पाण्याचे टाके दर आठवड्याला उपसता येत नाहीत. तिथे दोनच गोष्टी चालतात. पहिली, गप्पी मासे. अळ्या ते आवडीने खातात आणि योग्य जागी सोडले तर ते वाढतात. मलेरिया विभागाकडे किंवा आरोग्य केंद्रात त्यांची चौकशी करा. ज्या हौदात टीसीएल टाकता तिथे मासे सोडू नका, मरतील. दुसरी गोष्ट अबेट. ते आरोग्य कर्मचाऱ्यालाच टाकू द्या, प्रमाण तोच मोजतो.

अबेट टाकल्यावर दोन चुका होतात. पाण्याला वास येतो म्हणून कर्मचारी गेल्यावर पाणी ओतून दिलं जातं. किंवा ते वापरून संपवून नवीन भरलं जातं आणि औषध अजून आत आहे असं घर धरून चालतं. भांडं रिकामं झालं की औषधही गेलं, हे लक्षात ठेवा. शिवाय अबेट अळीवर चालतं, कोषावर नाही. कोष दिसत असतील तर आधी गाळून काढा.

टप्पा ७: आठवड्याची फेरी

एक वार ठरवा. कोरडा दिवस म्हणतात तो हाच. रविवारी सकाळी यादीतला तिसरा गट घेऊन घरभर फिरा. मुलांच्या हातात टॉर्च आणि खडू दिला तर ती आपल्यापेक्षा जास्त शोधतात.

विडीच्या पानांचं घमेलं काम संपल्यावर रोज उपडं करा, रविवारी ब्रश मारा. फ्रिजचा ट्रे ओढून काढा. फुलदाणीचं पाणी बदलताना देठाचा बुळबुळीत भाग आणि भांड्याची आतली बाजू चोळा. टायर, करवंट्या, फुटकी मडकी घराबाहेर काढा, झाकून ठेवू नका.

कूलरचं मात्र वेगळं सांगायला हवं. आपल्या उन्हाळ्यात मार्च ते जून कूलर बंद होत नाही, त्यामुळे डेंग्यू हा फक्त पावसाचा आजार इथे राहत नाही. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा उपसून, घासून, कोरडी करा. आणि जून संपल्यावर तो माळ्यावर चढवताना नुसतं पाणी काढून देऊ नका. टाकीच्या भिंती आणि गवताच्या पट्ट्यांवर अंडी असतात. ती तशीच वर गेली तर पुढच्या वर्षी पहिलं पाणी भरताच फुटू शकतात. पट्ट्या काढून टाका, टाकी घासून उन्हात वाळवा, मग चढवा.

घर स्वच्छ झालं तरी माणसं दिवसभर घरात नसतात. दिवसा चावणारा डास शाळेत, मागाच्या कारखान्यात, रंगाईच्या ठिकाणी ठेवलेल्या साध्या पाण्याच्या बॅरलपाशी गाठतो. तिथे काम करणाऱ्याने मालकाला हे एकदा दाखवलं पाहिजे, अळ्या वाटीत घेऊन. सांगण्याने पटत नाही, वाटीतली अळी बघितली की पटतं. बोळात धूरफवारणी झाली म्हणून रविवारची फेरी सोडू नका. धुराने उडते डास मरतात, बॅरलमधल्या अळ्यांना काही होत नाही, आठ दिवसांत नवे तयार.

टप्पा ८: घरात ताप आला तर

तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तापाचा पहिला दिवस कोणता हे पुढे डॉक्टर विचारणारच आणि तेव्हा घरात वाद होतो.

पहिल्याच दिवशी रुग्णाला मच्छरदाणी लावा, दिवसासुद्धा. डेंग्यू एका माणसाकडून दुसऱ्याला शिवल्याने किंवा खोकल्याने होत नाही. ताप सुरू व्हायच्या जरा आधीपासून साधारण पाच दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात चावलेला डास ८ ते १२ दिवसांनी आजार द्यायला लागतो आणि तो चावल्यावर माणसाला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस जातात. म्हणजे घरातला दुसरा ताप बहुधा दोन-तीन आठवड्यांनी येतो. तेवढा अवधी आपल्या हातात असतो. पहिला ताप आला त्याच दिवशी घर आणि दोन्ही बाजूंची शेजारची घरं टप्पा २ प्रमाणे घासून काढा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढंच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या आणि त्यांची इंजेक्शनं घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. अंग फार दुखतं म्हणून कंबरेत इंजेक्शन मागणारे खूप असतात. डॉक्टरला आपण होऊन सांगा की डेंग्यूची शंका आहे.

रक्ताची तपासणी वेळेवर अवलंबून असते. विषाणूचा अंश शोधणारी एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम त्यानंतर. सातव्या दिवशी फक्त एनएस-१ करून "निगेटिव्ह आलं, डेंग्यू नाही" म्हणणं चूक आहे.

सावधान: ताप उतरतो तो दिवस सगळ्यात जपायचा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो, घराला हायसं वाटतं, आणि बिघडायचं असेल तर ते तेव्हाच बिघडतं. पोटात सारखं जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, फार ग्लानी किंवा तगमग, श्वास लागणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका. १०८ला फोन करा किंवा सरळ सिव्हिल गाठा. पपईच्या पानाच्या रसावर भरवसा ठेवून हे तास घालवू नका.

घरी असेपर्यंत पाणी, ओआरएस, ताक, पेज, ज्वारीची आंबील थोडं थोडं देत राहा. दर चार-सहा तासांनी लघवी होते का हे बघा, एवढी एक खूण घरच्या माणसाला अचूक मोजता येते. बीटाचा रस किंवा लाल सरबत देऊ नका, उलटीत रक्त आहे की रंग ते कळत नाही. प्लेटलेटचा आकडा विचारत बसण्यापेक्षा ही लक्षणं बघा. आकडा कमी म्हणून प्लेटलेट चढवा असा हट्टही धरू नका, ते कधी लागतं हे डॉक्टर रक्तस्राव बघून ठरवतात.

टप्पा ९: जुलाब लागले तर

ओआरएसचं एक लिटरचं पूर्ण पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यातच विरघळवा. अर्धं पाकीट पेल्यात, थोडं उद्याला, असं केलं की प्रमाण बिघडतं. दुधात किंवा चहात घालू नका, वर साखर घालू नका. २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलि, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी हळू द्या, बंद करू नका. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा. सहा महिन्यांवरच्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या सोडून देणारी घरंच जास्त. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, मूल पीत नाही, शीत रक्त दिसतं किंवा भाताच्या पेजेसारखे पांढरट जुलाब भराभर होतात, तर दवाखान्यात न्या. ओआरएस वाटेतही पाजत राहा.

एकाच बोळात दोन घरांत एका आठवड्यात जुलाब लागले तर जेवणावर संशय घेण्याआधी पाइपवर घ्या. महापालिकेच्या झोन कार्यालयात आणि आरोग्य केंद्रात दोन्हीकडे कळवा, कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत ते सांगा. पाइप दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांनी उकळूनच प्यायचं. दुरुस्ती झाल्यावरही कावीळ दोन ते सात आठवड्यांनी डोकं वर काढू शकते, तेव्हा डोळे पिवळे दिसले तर त्या गळतीची तारीख डॉक्टरांना सांगा.

टप्पा १०: बंद घर

बोळ पूर्ण घासून झाला, तरी ताप थांबत नाही असं होतं. मग कुलूप लागलेलं घर बघा. माणसं गावाला किंवा पुण्याला गेलेली असतात, मागच्या दारी बॅरल भरलेला असतो, वरची सिंटेक्स उघडी असते. हा डास फार लांब उडत नाही, साधारण शे-दोनशे मीटरच्या आतच घुटमळतो, त्यामुळे एक बंद घर दोन्ही बाजूच्या रांगेला पुरतं. गावाला जाणाऱ्याकडून किल्ली मागून ठेवा, आणि स्वतः जाणार असाल तर शेजाऱ्याकडे देऊन जा. जाण्याआधी सगळी भांडी रिकामी करून, घासून, पालथी घाला. संडासाचं झाकण लावा, न्हाणीच्या मोरीवर जाळी ठेवा. किल्ली मिळालीच नाही तर झोनमधल्या आरोग्य निरीक्षकाला घर दाखवा. आमच्या बोळात आता किल्ल्यांची एक खुंटी आहे, दिवाळीच्या सुट्टीत तिच्यावर पाच-सहा घरांच्या किल्ल्या असतात आणि दर रविवारी फेरीला निघताना त्या पदराला बांधूनच बाहेर पडते.